नाद की कर्णनाद?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असं मंडळाच्या कार्यवाहांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. सदतीस वर्षं बँकेत लेजरं ओढली, व्हाउचरं तपासली. लेखणी चालली ती आकडे लिहायला. पण एक गोष्ट गेली दोन वर्षं मनात सलते आहे. ती आपल्याच माणसांपुढे सांगून टाकावी, आणि त्या निमित्ताने कानात व डोक्यात होणाऱ्या आवाजांविषयी मला जे समजलं ते चार लोकांच्या उपयोगी पडावं, म्हणून हा लेख. मी कोणी अधिकारी पुरुष नाही. चूक झालेला एक सेवेकरी आहे, एवढं धरूनच वाचावं.

झालं असं. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलो होतो. पहाटे चारला उठायचं, स्नान करून पोथीपुढे बसायचं. घर निजलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चौथ्या दिवशी वाचन संपवून डोळे मिटले, तर डोक्याच्या मधोमध बारीक 'चिंऽऽ' असा अखंड आवाज. रातकिडा असेल म्हणून खिडकी लावली. आवाज चालूच. पंखा तर बंदच होता. कानात बोटं घातली तर तो आणखी स्पष्ट झाला. अंगावर काटा आला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं आणि अनाहताचं वर्णन वाचलेलं होतं. मला वाटलं, महाराजांनी कृपा केली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी खोटं नव्हतं हे आजही सांगतो.

तिथेच गप्प बसलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण समाप्तीच्या दिवशी प्रसादाच्या पंगतीत शेजारच्याजवळ बोलून गेलो. आठवड्याभरात मंडळात झालं की यांना नाद ऐकू येतो. दोघा-तिघांनी वाकून नमस्कार केला. 'अहो, हे काय' असं मी म्हणालो खरा, पण पाय मागे घेतले नाहीत. हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

नंतर मी हठयोगप्रदीपिका आणली. स्वात्माराम योगींच्या या ग्रंथाच्या चौथ्या उपदेशात नादाचं सविस्तर वर्णन आहे. अभ्यासाच्या सुरुवातीला समुद्र, मेघ, भेरी यांसारखे मोठे आवाज येतात. मग मर्दळ, शंख, घंटा यांसारखे. शेवटी किंकिणी, वेणू, वीणा आणि भुंग्याचा गुंजारव. माझा आवाज बारीक, म्हणजे मी शेवटच्या पायरीजवळ! कॉमर्स शिकलेल्या माणसाला हिशेब मांडायला काय वेळ लागतो? मी स्वतःला बढती देऊन मोकळा झालो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मंडळात एक निवृत्त मास्तर आहेत, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. भजनाला पेटी तेच वाजवतात. एका गुरुवारी आरतीनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "काल सकाळी उठलो तेव्हापासून डाव्या कानात समुद्रासारखा घोंघाट चाललाय. त्या कानाने फोनवरचंही ऐकू येत नाही. तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो."

मी काय बोलावं? "मास्तर, भाग्यवान आहात," असं म्हणालो. "सुरुवातीला समुद्रच ऐकू येतो, ग्रंथातच आहे. घाबरू नका, जप वाढवा."

मास्तरांनी जप वाढवला. तीन आठवड्यांनी भजनात पेटीचे सूर चुकायला लागले, तेव्हा त्यांच्या सुनेने त्यांना ओढूनच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कानाची नस अचानक निकामी झाली होती. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी पहिल्या काही दिवसांत स्टेरॉइडचे उपचार सुरू केले तर कान परत मिळण्याची शक्यता चांगली असते, दोन आठवडे उलटले की ती फारच कमी होते. खात्री आधीही देता आली नसती, पण संधी होती. मास्तरांचा डावा कान गेला तो गेलाच.

सुनेने मला दोष दिला नाही, कारण मी काय सांगितलं होतं ते मास्तरांनी घरी बोलूनच दाखवलं नव्हतं. त्याने मला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात सौ. म्हणाली, "आता तुम्हीही चला. नाद असेल तर डॉक्टर काही तो काढून घेणार नाहीत." गेलो. काचेच्या बंद खोलीत बसवून, कानांवर हेडफोन लावून तपासणी झाली. ऑडिओमेट्री म्हणतात तिला. कागदावर रेघ आली ती डावीकडे ठीक आणि उजवीकडे घसरत गेलेली, बुडीत खात्याच्या आलेखासारखी. म्हणजे बारीक पट्टीचे आवाज मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते. डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं: कानाच्या आत शंखाच्या आकाराचा भाग असतो. त्यात प्रत्येक कानाला साधारण पंधरा हजार अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. वयाने किंवा मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ज्या पट्टीचा आवाज आत यायचा बंद होतो, त्या पट्टीसाठी मेंदू आपलं बटण मोठं करून बसतो. रेडिओवर स्टेशन लागत नसलं की आपण आवाज वाढवतो आणि नुसती खरखर ऐकू येते, तसं काहीसं. या आवाजाला डॉक्टर टिनिटस म्हणतात.

हे आवाज एकाच जातीचे नसतात, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. आपल्यातले बरेच जण साठीच्या पुढचे आहेत.

दोन्ही कानांत किंवा डोक्यात बारीक, रातकिड्यासारखा सतत आवाज हा सगळ्यात जास्त आढळणारा. तो बहुधा वयाचा, नाहीतर आयुष्यभर ऐकलेल्या गोंगाटाचा. कधी कारण अगदीच साधं असतं, कानात घट्ट झालेला मळ. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा, काडी किंवा हेअरपिन घालू नये. कधी औषधाने होतं. ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत, क्विनाइन, काही प्रतिजैविकांची इंजेक्शनं यांनी कान वाजू शकतात. पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.

घूं-घूं असा जाड आवाज, कान दडा बसल्यासारखा जड, ऐकू कमी येणं आणि गरगरून चक्कर, असं सगळं झटक्याने येत-जात असेल तर तो कानाच्या आतल्या द्रवाचा विकार असू शकतो. मेनिअर या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने तो ओळखला जातो.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर, धप-धप किंवा फुस-फुस असा येत असेल तर मनगटावर बोट ठेवून पाहावं. दोन्हींचा ताल एक असेल तर तो रक्तप्रवाहाचा आवाज असू शकतो. रक्त कमी असणं, थायरॉइड वाढणं, रक्तवाहिनीतला काही दोष, अशी कारणं त्यामागे असतात. असा आवाज तपासल्याशिवाय सोडू नये. टक-टक असा आवाज कधी कानातल्या किंवा टाळूच्या स्नायूंच्या उडण्याने येतो, कधी जबड्याच्या सांध्यातून येतो.

एकाच कानात कायम आवाज असेल तर नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला डॉक्टर एमआरआय सांगतात. अशी गाठ क्वचितच निघते, आणि निघाली तरी बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते, पण पाहिलेलं बरं. आणि मास्तरांसारखं अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर तो आवाज समुद्राचा असो की शंखाचा, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे वाक्य कोणी या अंकातून कापून घरातल्या कॅलेंडरवर चिकटवलं तरी चालेल.

आणखी एक प्रकार आहे. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, ऐकू फारच कमी येतं. त्यांनी एकदा हळूच सौ.ला सांगितलं की रात्री लांबून भजन चालल्यासारखं ऐकू येतं. टाळ, मृदंग, सगळं. घरात बोलल्या नाहीत, का तर वेड लागलं म्हणतील. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ज्यांना ऐकू फार कमी येतं अशा वृद्धांत हे होतं, ते वेड नव्हे. कान उपाशी राहिला की मेंदू साठवणीतलं गाणं काढतो. ऐकण्याचं यंत्र लावलं की अनेकांचं ते कमी होतं.

हे सगळं कळल्यावर मला वाटलं, ठीक आहे, हे डॉक्टरी शास्त्र झालं, आपल्या पूर्वजांना वेगळं दिसलं असेल. पण एका वैद्य स्नेह्यांनी माधवनिदान उघडून दाखवलं आणि मी गप्प झालो. त्यात कर्णनाद नावाचा रोग सांगितला आहे. कानाच्या मार्गात वायू बिघडला की माणसाला भेरी, मृदंग, शंख यांसारखे नाना आवाज ऐकू येतात. कर्णक्ष्वेड नावाच्या दुसऱ्या रोगात वेणूसारखा आवाज येतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही कानाच्या २८ रोगांत हे दोन आहेत. म्हणजे योगाच्या ग्रंथात ज्या वाद्यांची यादी साधनेच्या खुणा म्हणून आहे, जवळजवळ त्याच वाद्यांची यादी वैद्यकाच्या ग्रंथात रोगाची लक्षणं म्हणून आहे. आपल्याच पूर्वजांनी दोन्ही लिहून ठेवलंय. मी फक्त सोयीचं पान वाचलं होतं.

शिवाय शांत जागी थोडाफार आवाज कुणालाही येतो. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येतं ते विचारलं. शंभरात चौऱ्याण्णव या प्रमाणात लोकांनी काही ना काही आवाज सांगितला. ते काही योगी नव्हते. मग पहाटे चारला पोथीपुढे बसलेल्या मला आवाज आला, यात माझी मिळकत किती?

इथे खरा प्रश्न उभा राहतो. आवाजावरून नाद कोणता आणि कर्णनाद कोणता हे ठरत नसेल, तर ते ठरवायचं कशावरून? आणि मन देवाकडे लागत असेल तर उगम कुठला का असेना, असं म्हटलं तर बिघडलं कुठे?

दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे, हे आधी कबूल करतो. डॉक्टरच म्हणाले, "काका, या आवाजाचा त्रास आवाजापेक्षा भीतीने जास्त होतो. तुम्हाला झोपेचा त्रास झाला नाही, कारण तुम्ही त्याला शत्रू मानलं नाहीत." खरंच आहे. ज्याला वाटतं की हा आवाज मला खाणार, त्याचं लक्ष सतत तिकडेच राहतं आणि मेंदू त्याला सोडत नाही. उपचारही पुष्कळसा हाच असतो: निजताना अगदी सामसूम न ठेवता मंद पंखा किंवा बारीक आवाजात नामस्मरण लावायचं, कमी ऐकू येत असेल तर यंत्र वापरायचं, आणि मेंदूला शिकवायचं की हा आवाज निरुपद्रवी आहे. तेव्हा श्रद्धेने मला सांभाळलं, हे मी नाकारणार नाही. शेजारच्या आजींनाही आम्ही तेच सांगितलं, "भजन ऐकू येतंय तर ऐका की आजी, पण एकदा कान दाखवून येऊ." दोन्ही वाक्यं एकत्र सांगता येतात. मास्तरांना मी फक्त पहिलं सांगितलं होतं.

पण ज्या प्रश्नाने मला झोपू दिलं नाही तो वेगळा होता. बँकेत सस्पेन्स खातं नावाचा प्रकार असतो. एखादी रक्कम आली, कुणाची, कशाबद्दल, ते कळत नाही. ती फेकून देत नाहीत आणि कुणाच्या खात्यातही टाकत नाहीत. कागद सापडेपर्यंत ती सस्पेन्सला ठेवतात. क्लार्कने ती 'बेवारसच आहे ना' म्हणून आपल्या खात्यात जमा केली तर त्याला अफरातफर म्हणतात, मग ती रक्कम एक रुपया का असेना. मी सदतीस वर्षांत असा एक रुपया इकडचा तिकडे केला नाही. आणि निवृत्तीनंतर मात्र, कुठून आला ते माहीत नसलेला एक आवाज सरळ स्वतःच्या साधनेच्या खात्यात जमा करून टाकला. त्यावर व्याज म्हणून लोकांचे नमस्कार घेतले. आणि त्याच खोट्या जमेच्या जोरावर मास्तरांना सल्ला दिला.

कुणी म्हणेल, तुमच्या मनात खोटं नव्हतं. सुरुवातीला नव्हतंच. पण 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द जिथे म्हणायला हवे होते तिथे ते न म्हणणं, आणि न म्हणण्यात आपला मान सांभाळणं, याला मी आता खोटंच म्हणतो.

ग्रंथांकडे पुन्हा गेलो तेव्हा लक्षात आलं की त्यांनी आवाजाला प्रमाणपत्र कधी मानलंच नव्हतं. हंसोपनिषदात दहा नाद सांगून पहिले नऊ सोडायला सांगितले आहेत. हठयोगप्रदीपिकेतही नाद हे मनाला बांधायचं साधन आहे. शेवटी तोही मावळतो आणि जे निःशब्द उरतं तेच खरं, असं तिथे म्हटलं आहे. देवळातल्या घंटेसारखं आहे हे. घंटा वाजवायची ती मन गोळा करायला. पण घंटेचा लोलक धरूनच उभा राहिला तर मूर्तीचं दर्शन कधी व्हायचं?

आणि आपल्या दत्तसंप्रदायाचा तर हा पायाच आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यातले चार मला या विषयासाठीच सांगितल्यासारखे वाटले. हरिण हा पहिला. गोड सुराला भुलून तो पारध्याच्या हाती सापडतो. सूर गोड आहे म्हणून वाट बरोबर आहे असं नव्हे. दुसरी ती कुमारी. घरी पाहुणे आलेले, ती आत साळी कांडत होती. बांगड्या वाजू लागल्या तेव्हा तिने एकेक काढून शेवटी हातात एकच ठेवली. आपण मात्र कांडताना बांगड्या मुद्दाम वाजवतो, बाहेर ऐकू जावं म्हणून. तिसरा बाण करणारा कारागीर. राजाची स्वारी शेजारून गेली तरी त्याला पत्ता नाही, इतकं लक्ष हातातल्या कामात. डॉक्टरांनी जो उपाय सांगितला तोही वेगळा काय आहे? लक्ष कामात घाला, आवाज आपोआप मागे पडतो. चौथा भुंगा. लहान-मोठ्या सगळ्या फुलांतून तो सार घेतो. तसंच पोथीतून घ्यावं आणि दवाखान्यातूनही घ्यावं.

गुरुचरित्रातली पोटशुळाच्या ब्राह्मणाची कथा आपण दर वर्षी वाचतो. जीव द्यायला निघालेल्या त्या माणसाला श्रीनृसिंहसरस्वतींनी जवळ बोलावलं. तुझं दुखणं म्हणजे तपश्चर्या आहे, सहन कर, असं ते म्हणाले नाहीत. दुखण्याला दुखणं म्हटलं, त्यावर औषध आहे म्हणाले आणि त्याला पोटभर जेवू घातलं. सद्गुरू जर व्याधीला व्याधी म्हणतात, तर आपण तिला सिद्धी म्हणणारे कोण?

मग खरा अनाहत नाद नसतोच का? तसं मी म्हणत नाही, म्हणायचा मला अधिकारही नाही. महात्म्यांनी अनुभवलेलं मी नाकारावं एवढा मी मोठा नाही. मी एवढंच म्हणतो की माझ्या आवाजाचा कागद अजून सापडलेला नाही, म्हणून तो सस्पेन्सला. आवाज ऐकू आल्यापासून माझा राग कमी झाला का? घरात बोलणं मऊ झालं का? दुसऱ्याचं दुखणं मला आधीपेक्षा जास्त ऐकू येऊ लागलं का? या नोंदी जमेला दिसल्या तर पुढे पाहू. मास्तर आपलं दुखणं सांगत होते तेव्हा मी माझ्याच डोक्यातला आवाज ऐकत होतो, ही नोंद तूर्त नावे बाजूला पक्की आहे.

गेल्या दत्तजयंतीला पालखी निघायच्या आधी मी मंडळात उभा राहून हे सगळं थोडक्यात सांगितलं. पाय थरथरत होते. कोणी काही बोललं नाही. मग मास्तरांच्या घरी गेलो, त्यांना आणि त्यांच्या सुनेला वेगळं सांगितलं. सून आत निघून गेली. तिचा राग रास्त आहे. मास्तर बराच वेळ पेटीच्या झाकणावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "तुम्ही माझ्या डाव्या बाजूला बसता, काही कळत नाही. इकडे उजव्या बाजूला या, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा."

पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आता आरतीला मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा असतो. माझा 'चिंऽऽ' आवाज अजून आहे. आरतीत तो ऐकू येत नाही, पहाटे येतो. आला की हात जोडतो आणि पोथी उघडतो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥